सात नवऱ्यांची बाई आणि आमच्या आत्याबाई

हळदीचं पेव (सांगली)

आधीच सांगते, पुढं कादंबरीतली सगळी गुपितं फुटणार आहेत. जिला-ज्याला वाचायची असेल त्यांनी इथूनच मागं फिरावं, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नयेत.

विश्रामबागेत आम्ही नऊ जणी महिन्याला एक पुस्तक वाचतो. मूळची भिशीच ती. पुढं पैशांच्या चिठ्ठीबरोबर पुस्तकाचीही चिठ्ठी निघायला लागली. जूनला निघाली टेलर जेन्किन्स रीड यांची 'द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्युगो'. इंग्रजीत २०१७ सालीच आलेली, पण आमच्यापर्यंत पोचली ती करोनानंतर, पोरींच्या मोबाइलमधून. नाव टाकणारी चोवीस वर्षांची, बाकी आम्ही पन्नाशीला टेकलेल्या. माझ्या नवऱ्यानं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, "सात?" एवढंच विचारलं आणि पेपर उचलला.

गोष्ट अशी. एकोणऐंशी वर्षांची एव्हलिन ह्युगो, एके काळी हॉलीवूड गाजवलेली नटी. कित्येक वर्षं कुणाशी बोललेली नाही. अचानक एका मासिकाला कळवते की बोलेन, पण तुमच्याकडच्या मोनिक ग्रँटशीच. मोनिक तिथं कुणाच्या खिजगणतीत नाही, घरी नवराही वेगळा झालेला. तिला समोर बसवून बाई म्हणते, मुलाखतीचं विसर. सगळं आयुष्य सांगते, मी गेल्यावर छाप. मग न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या क्यूबन घरातली एव्हलिन एरेरा केस सोनेरी करून, तोंडातली स्पॅनिश पुसून ह्युगो कशी झाली ते येतं, आणि ओघानं सात लग्नं. पहिलं चौदा-पंधराव्या वर्षी. कारण काय, तर तो मुलगा हॉलीवूडला निघालेला. दुसरा देखणा नट, मारकुटा. तिसरं लास व्हेगासला, एका रात्रीपुरतं. चौथं सिनेमाच्या जाहिरातीसाठी. पाचवा हॅरी, तिचा निर्माता आणि जिवाचा मित्र. त्याला पुरुष आवडतात. सहावा फ्रेंच दिग्दर्शक. पडद्यावरच्या बाईशी लग्न केलं आणि घरात भलतीच निघाली म्हणून रुसलेला. सातवा रॉबर्ट. आणि या सगळ्यांच्या आड जन्माचं खरं प्रेम, सीलिया सेंट जेम्स ही दुसरी नटी. रॉबर्ट हा सीलियाचाच भाऊ.

हे सगळं मी रोज रात्री आत्याबाईंना मराठीत सांगत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८, माहेर वाळवा तालुक्यातलं. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळं टीव्ही बंद होता, म्हणून ही करमणूक. पहिल्याच रात्री म्हणाल्या, "सात नवरं म्हंजी सात सासवा की गं! सोसलं कसं बाईनं?"

आता माझं मत. पुस्तक हातातून सुटत नाही हे खरं. लेखिकेची एक गंमत मला फार आवडली. कादंबरीचे भाग नवऱ्यांच्या नावावर आहेत आणि प्रत्येक नवऱ्याला विशेषण चिकटवलंय: बिचारा अर्नी, मेला डॉन, भाबडा मिक, हुशार रेक्स (मराठी माझं). आपल्याकडं विशेषणं बाईला लागतात. गडी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला तर बिजवर, तिसऱ्यांदा तर तिजवर. नुसती मोजदाद, शिवी नाही. बाईचं दुसरं लग्न सांगताना मात्र आवाज खाली जातो. इथं बाई आडव्या खुर्चीत बसून नवऱ्यांनाच गुण देत बसलीये.

पण नंतर मला एक गोष्ट खटकली आणि ती जाता जाईना. सातही लग्नांना कादंबरीनं सबब दिलीये. हे पळून जायला, हे अफवा झाकायला, हे मैत्रीखातर, हे सीलियासाठी. सगळ्याच्या मुळाशी एक खरं प्रेम, आणि त्या एकीपायी बाकी सगळं माफ. म्हणजे सात नवरे करूनही बाई निघाली पतिव्रताच की, फक्त पती सीलिया! एखादीनं नुसतं हौसेनं, चुकून, कंटाळून, पैशासाठी किंवा एकटं झोपवत नाही म्हणून सात लग्नं केली असती, तर आपण तिला एवढ्या मायेनं वाचलं असतं का?

मोनिकच्या भागाबद्दल बोलतच नाही. तिच्या बापाच्या मरणाचा धागा शेवटी एव्हलिनशी जुळतो, ते मला जत्रेत हरवलेल्या भावांच्या सिनेमासारखं वाटलं.

वाळव्याचा वारा

आत्याबाईंना माझा दंडवत, माहेरचा माणूस म्हणून. बाकी जून महिना, वटपौर्णिमा, 'सात जन्म हाच' आणि एकाच जन्मात सात, हा विनोद कुणी केला का?

हळदीचं पेव

गटात चार जणींनी केला. पाचवे तुम्ही. हलकेच घ्या.

अजिंक्यतारा (सातारा)

माफ करा, पण या पुस्तकावर एवढा मोठा धागा? मुलीनं दिलं म्हणून मी शंभर पानं वाचली. प्रत्येक पानावर 'ती हसली आणि मला कळलं की' छापाचं काहीतरी. १९५० च्या दशकातलं हॉलीवूड म्हणायचं आणि माणसं बोलतात आजच्यासारखी. सात हा आकडा आम्हा सातारकरांना नवा नाही, पण पुस्तक खपवायला आकडा लागतो तिथंच माझा विश्वास उडतो. मराठीत नट्यांनी स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असताना या परदेशी उसन्या चटणीची काय गरज?

रीळ नंबर चार (मिरज)

अजिंक्यतारा, भाषेबद्दल सहमत. पण आतला माल उसना नाही, खराच आहे. कॉलेजात असल्यापासून मला जुन्या हॉलीवूडचं वेड आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

नाव बदलणं घ्या. रिटा हेवर्थ जन्मानं मार्गारिटा कान्सिनो, बाप स्पेनहून आलेला नर्तक. स्टुडिओनं तिचे केस रंगवले, नाव छाटलं आणि कपाळ रुंद दिसावं म्हणून केसांची रेषा विजेच्या सुईनं एकेक केस मारून मागं सरकवली. हे महिनोन् महिने चाललं होतं. तिचीही लग्नं पाच. त्यांतला एक ऑर्सन वेल्स, एक प्रिन्स अली खान. एव्हलिनमध्ये रिटाची सावली स्पष्ट आहे.

नवऱ्यांच्या आकड्यासाठी अर्थातच एलिझाबेथ टेलर. आठ लग्नं, नवरे सात, कारण रिचर्ड बर्टनशी दोनदा. तिसरा नवरा माइक टॉड १९५८ ला विमान पडून गेला आणि त्याचाच मित्र एडी फिशर आपली बायको सोडून हिच्याकडं आला. लोकांनी फाडून खाल्लं. पुढं 'क्लिओपात्रा'च्या वेळी बर्टन प्रकरण झालं तेव्हा १९६२ ला व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानं तिला झोडपणारं पत्र छापलं. आणि याच सिनेमासाठी तिनं दहा लाख डॉलरचा करार केलेला, तोवर कुठल्याच नटीला न मिळालेला. म्हणजे बदनामी चालू आणि तिकीटबारीही चालू.

लोक विसरतात ती गोष्ट कराराची. त्या काळी स्टुडिओ नटांना सात वर्षांच्या कागदावर बांधून घ्यायचे. (इथंही सातच!) एखादा सिनेमा नाकारला की पगार बंद, आणि जेवढे दिवस घरी बसाल तेवढे करारात मागून जोडायचे. म्हणजे सात वर्षं कधी संपायचीच नाहीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीनं वॉर्नर स्टुडिओला कोर्टात खेचलं आणि १९४४ मध्ये जिंकली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असा निकाल. कायदा अजून तिच्याच नावानं ओळखतात. त्याआधी १९२१ च्या आर्बकल प्रकरणानंतर (विनोदी नट, एका नटीच्या मृत्यूचा आळ आलेला) करारात वर्तणुकीचं कलम घुसलं होतं. बाहेर बोभाटा झाला की नोकरी गेली. एखाद्या नटाला पुरुष आवडतो किंवा नटीला बाई, याचा सुगावा लागायच्या आत घाईनं लग्न लावून द्यायचं, फोटो छापायचे. १९५२ ला 'कॉन्फिडेन्शियल' हे मासिक निघालं, त्याचा धंदाच असली गुपितं छापण्याचा. एव्हलिनचं एका रात्रीचं लग्न याच भीतीतून येतं. लेखिकेनं प्रकरणांमध्ये गॉसिप सदरांची कात्रणं घातलीत ती मला सगळ्यात खरी वाटली.

अजिंक्यतारा

माहिती उत्तम. वाचनखूण साठवली. पण यानं माहिती चांगली ठरली, कादंबरी नाही.

कऱ्हाडची सखू

आत्तापर्यंत नुसती वाचत होते, पण 'स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं' म्हटल्यावर गप्प बसवेना. मला वाटतं तुम्ही हंसा वाडकरांबद्दलच बोलताय.

आमच्या कऱ्हाडचं आणि त्यांचं नातं मला फार मजेचं वाटतं. संत सखू आमच्या गावची. सासूनं खांबाला बांधून ठेवली आणि विठोबा स्वतः तिच्या जागी येऊन बांधून घेऊन राहिला, ती पंढरीला गेली. प्रभातनं १९४१ ला तो सिनेमा काढला तेव्हा सखू कोण? हंसाबाई. आणि अठरा वर्षांनी १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त तमासगिरीण कोण? हंसाबाईच. पहिला सिनेमा १९३६ चा, नाव 'विजयाची लग्नं'. तेव्हा वय तेरा. नावातच लग्नं आली, तीही अनेकवचनात.

त्या मूळच्या रतन साळगावकर. कमावती पोर म्हणून घरानं कामाला लावली आणि पुढं नवराही त्याच कमाईवर. 'सांगत्ये ऐका' हे सिनेमाचंच नाव घेऊन त्यांनी जे सांगितलं ते १९६६ च्या सुमारास 'माणूस' साप्ताहिकात आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. पुस्तक १९७० ला, आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. त्यात दारू आहे, पुरुष आहेत, एका माणसाबरोबर निघून जाणं आहे. तो मराठवाड्यातल्या आपल्या गावी घेऊन गेला, तिथं आधीच्या बायका, आणि ही सिनेमातली बाई त्या घरात कोंडून पडली. तिथून सुटका झाली तीही कशी, ते वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवलं होतं.

पेवबाई, तुमचा प्रश्न इथं लागू पडतो. हंसाबाई सबब देत नाहीत. मी असं का केलं, मला कळत नाही, अशा जागा त्या पुस्तकात जागोजागी आहेत. खरं प्रेम-बिम काही नाही. एव्हलिनला प्रत्येक पायरीचं कारण ठाऊक असतं, बुद्धिबळ खेळल्यासारखं. खऱ्या माणसाला एवढं कुठलं ठाऊक असतं हो!

हळदीचं पेव

नेमकं हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

माणदेशी (आटपाडी)

जाता जाता आमच्या भागाचं नाव लावून घेतो. त्या १९५९ च्या सिनेमाची पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची. दोघेही आमच्या आटपाडी तालुक्यातले. बुगडीचं गाणं म्हणणाऱ्या आशाबाईंचा जन्म सांगलीचा. पुण्याला विजयानंदला तो १३१ आठवडे चालला तो उगाच नाही, अर्धा सांगली जिल्हाच होता त्यात.

रीळ नंबर चार

हाहा. आणि करारावरून आठवलं. प्रभातच्या फाटकापाशी शांता आपटे उपोषणाला बसल्या होत्या १९३९ ला, कराराच्याच भांडणातून. डी हॅविलंडच्या आधी पाच वर्षं! हॉलीवूडची नटी कोर्टात गेली, आपली नटी पुण्यात फाटकाबाहेर बसली. यावर कुणी जाडजूड कादंबरी लिहिली तर मी पहिली प्रत घेईन, नवरे नसले तरी चालेल.

अजिंक्यतारा

हे मान्य. ही कादंबरी मीपण वाचीन.

तंबोरा (मिरज)

चर्चा नट्यांचीच चाललीये म्हणून एक आठवण करून देतो. आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी ग्लॅमरस 'नटी' पुरुष होती. नागठाण्याचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांच्यासारखा शालू नेसायचा, त्यांच्यासारखा गजरा माळायचा म्हणून पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका नाटकाला जायच्या. आमच्या आजोबांच्या पिढीत त्यांच्याबद्दल बोलताना लोक अजून 'काय दिसायची' म्हणायचे. दिसायची!

पुढं गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. आता गंमत बघा. कर्ज त्यांनी केलं, अत्तरं त्यांनी उडवली, कंपनी त्यांच्या हातून बुडाली. पण माझ्या लहानपणी बैठकीत ऐकलेलं वाक्य एकच: "त्या बाईनं देवमाणसाची माती केली." गोहरबाई स्वतः कसलेल्या गायिका होत्या, म्हातारपणी लुळ्या पडलेल्या गंधर्वांचं सगळं त्यांनी केलं, हे सांगणारा एखादाच. गंधर्वांच्या नावानं नाट्यगृहं उभी राहिली ती रास्तच आहेत. गोहरबाईंच्या नावानं आपण काय ठेवलं? बोटं.

वाळव्याचा वारा

तंबोरा, शेवटचा शब्द जबरी.

वाचनमात्र

बिजवरावरून सांगतो. आपल्या हरिपूरच्या देवलांनी 'शारदा' नाटकात म्हाताऱ्या बिजवराला कोवळी पोर विकणाऱ्या बापाला उभा-आडवा सोलला. त्या नाटकामुळंच पुढं शारदा कायदा आला.

कऱ्हाडची सखू

ही समजूत माझ्या आजीचीही होती. पण कायद्याचं नाव हरबिलास सारडांवरून, सारडा कायदा, १९२९ चा. आपण मराठी लोकांनी त्याचा शारदा केला कारण नाटक त्याच्या तीस वर्षं आधीपासून, १८९९ पासून गाजत होतं. मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवलं होतं त्यात.

वाचनमात्र

बरं झालं. आयुष्यभर लोकांना सांगत आलोय हे. प्रतिसाद काढत नाही, राहू दे, शिक्षा म्हणून.

हळदीचं पेव

चौदाच? आणि एव्हलिनचं पहिलं लग्न त्याच सुमाराला. हे आत्याबाईंना सांगितलं तर त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांचं स्वतःचं पंधराव्या वर्षी झालंय.

सात लग्नांचंही त्यांना आपल्याएवढं नवल नाही. म्हणाल्या, "आमच्यात पाट लावायचे. माज्या चुलत सासूचा पयला नवरा प्लेगात न्हाई का गेला, मग पाट लावला, त्यो बी गेला, मग तिसरा. बाई शेतात कामाची हुती, तिला कोन सोडतंय?" प्लेग की दुसरं काही ते जाऊ दे, त्यांच्या लेखी सगळे रोग प्लेगच. पण तीन नवऱ्यांची ही चुलत सासू घरात मानानं राहिली, तिच्या हातची चटणी भावकीत नावाजलेली. हे मला लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या माहेरी (आम्ही सांगली गावभागातले, पाटबिट आमच्यात नव्हता) एका लांबच्या आत्यानं घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं होतं, तर तिचा फोटो अल्बममधून कात्रीनं कापलेला मी पाहिलाय. कापलेल्या जागी तिच्या खांद्यावरचा पदर तेवढा उरलाय.

वाळव्याचा वारा

पाट लावलेल्या बाईला लग्नकार्यात ओवाळायला मात्र पुढं करत नव्हते हो. तेही विचारा आत्याबाईंना.

हळदीचं पेव

विचारलं. म्हणाल्या, "त्ये हाय खरं." आणि विषय बदलला.

चिठ्ठी माझीच (सांगली)

शेवटी इथं खातं काढलंच. धाग्यात उल्लेख आहे ती चोवीस वर्षांची मी.

पेवकाकू, राग मानू नका, पण तुमचा अख्खा धागा वाचला. एलिझाबेथ टेलर झाली, हंसाबाई झाल्या, बालगंधर्व झाले, हरिपूर झालं, प्लेगसुद्धा झाला. सीलिया कुठं आहे? तुम्ही 'दुसरी नटी' म्हणून एका ओळीत उरकली आणि नंतर 'पती सीलिया' म्हणून हसून सोडून दिली. परवा बैठकीतही तेच. मी सीलियावर बोलायला लागले आणि बरोबर त्याच वेळी कुणाला तरी भडंग कुणी आणलंय ते आठवलं. त्यावर दहा मिनिटं गेली.

तुम्ही म्हणता सबब देऊन लेखिकेनं एव्हलिनला माफ करून घेतलं. मला ते सबब वाटतच नाही. तिला ज्या माणसाबरोबर घर करायचं होतं, त्या माणसाबरोबर करता येत नव्हतं. म्हणून बाकीची सात झाली. तुम्ही आकडा मोजताय, ती जागा शोधत होती. हॅरीबरोबरचं लग्न मला पुस्तकातलं सगळ्यात सुंदर वाटतं, कारण तिथं दोघंही एकमेकांना आडोसा देतात आणि पोरीला मनापासून वाढवतात. आणि सातवं बघा. रॉबर्टशी लग्न कशाला? सीलियाशी कायद्यानं काहीतरी नातं असावं म्हणून! आपल्याकडं २०१८ ला कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा धाक काढला, पण लग्नाला मान्यता द्यायचं २०२३ ला नाकारलं. म्हणजे एव्हलिन आज सांगलीत असती तरी तिला कुणीतरी रॉबर्ट शोधावाच लागला असता.

हे पुस्तक मी चिठ्ठीत उगाच टाकलं नव्हतं. एवढंच.

रीळ नंबर चार

चिठ्ठी माझीच, बरोबर पकडलंत. मी माझ्या लांबलचक प्रतिसादात 'एखाद्या नटीला बाई' असं म्हणून पुढं करारावर गेलो. करारावर बोलणं सोपं असतं.

अजिंक्यतारा

माझ्या मुलीनंही मला हेच पुस्तक वाचायला दिलं होतं. मी शंभर पानांवर सोडलं, भाषेला नावं ठेवली. सीलिया त्यानंतर नीट येत असावी. आज पुन्हा घेतो.

कऱ्हाडची सखू

घ्या. आणि वाचून झालं की मुलीला फोन करा, इथं प्रतिसाद नाही दिलात तरी चालेल.

तंबोरा

चिठ्ठीताई, एक शंका. हंसाबाईंची 'कळत नाही'वाली वाट आणि एव्हलिनची 'सगळं ठाऊक'वाली वाट यांत तुम्हाला दुसरीच जवळची वाटते का?

चिठ्ठी माझीच

हंसाबाईंचं पुस्तक वाचलेलं नाही. त्यावरचा 'भूमिका' सिनेमा पाहिलाय, स्मिता पाटीलसाठी. तिला त्या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं ना? त्यात शेवटी ती एकटी खोलीत बसून राहते ते आठवतंय. एव्हलिनचा शेवटही एकटीचाच आहे, पण तो तिनं स्वतः ठरवलेला. मला ठरवणारी बाई वाचायची होती. कळत नसणाऱ्या बायका घरीदारी भरपूर पाहिल्यात.

हळदीचं पेव

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. भडंगाचा विषय काढणारी मीच होते. तुला तेव्हा कळलं नसेल असं मला वाटलं होतं.

काल रात्री पुस्तकाचा शेवटचा भाग आत्याबाईंना सांगितला. आधी सांगताना मी सीलियाला 'मैत्रीण' म्हणत आले होते. काल म्हटलं नाही. स्पेनमधलं घर, दोघींची म्हातारपणाची वर्षं, सीलियाचं जाणं, सगळं जसं आहे तसं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या:

"आमच्या शाळंत दोन मास्तरनी हुत्या. एका खोलीत ऱ्हायच्या, एकाच चुलीवर. एक वारली तवा दुसरी तिच्या भावकीच्या मागं, पार शेवटाला चालत हुती. तिला कुनी पुढं घेतली न्हाई. मी न्हान हुते, पर मला दिसलं हुतं."

मी विचारलं, लोक काही म्हणायचे का? तर म्हणाल्या, "काय म्हनत्याल? नवरा न्हवता की मोजायला." मग पाणी मागितलं.

चिठ्ठी, तू परवाच्या रविवारी ये. आत्याबाईंनी 'ती पोरगी' कोण म्हणून दोनदा विचारलंय, आणि पुस्तकातला हिरवा झगा त्यांना बघायचाय. डोळ्यावरची पट्टी निघालीये. जुलैच्या चिठ्ठीत हंसाबाई निघाल्या (निघाल्या म्हणजे आठ जणींनी तेच नाव टाकलं होतं). कुणाकडं जुनी प्रत असेल तर कळवा, गावातल्या एका दुकानानं तीन आठवडे 'येतंय येतंय' म्हणून झुलवलंय.

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी आज सकाळी ३१ फूट होतं. ४० च्या आत राहिलं तर बैठक नक्की.

माणदेशी

माझ्याकडं आहे प्रत. पानं सुटलीत, पण सगळी आहेत. शनिवारी सांगलीला येतोय, स्टँडवर देतो.